सोनीच्या पाठीतलं पाणी

डॉक्टरीणबाईंनी काचेची नळी उजेडात धरली, तेव्हा धोंडाबाईंना जरा हायसं वाटलं. नातीच्या कण्यातून काढलेलं ते पाणी अगदी स्वच्छ होतं. "निवळशंख हाय की," त्या मला म्हणाल्या. "सांगा त्यांना, मास्तरीण. ह्यात कुटं रोग दिसतोय?"

मी काय सांगणार! आमचे हे धोंडाबाईंच्या गावी, भऱ्याला, शाळेत मास्तर आणि माझं माहेर पुण्याचं, एवढ्याच भांडवलावर मला पुण्याच्या दवाखान्यात सोबत आणलेलं. सोनी पाच वर्षांची. आधी नुसती कणकण, मग डोकेदुखी, मग ओकाऱ्या, आणि आता मान लाकडासारखी ताठ. हाक मारली की डोळे उघडायची, पण ओळख नसायची त्यांत. तिची आई सगुणा उशाशी बसून असायची. तिच्याकडे पाहिलं की मलाच डोळे मिटून घ्यावेसे वाटत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघींना बसवून समजावलं. पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यावर विसंबता येत नाही, म्हणून ते तपासलं. त्यातली साखर निम्म्यावर आली आहे आणि मीठही उतरलं आहे. मेंदूच्या आवरणाला क्षयाची सूज आली की असं होतं. आता त्यावर इंजेक्शनं निघाली आहेत. पण ती रोज घ्यायची, काही पुन्हा पाठीतच, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने इथं राहायचं. घरी नेली तर पोर हाती लागणार नाही.

बाकी सगळं धोंडाबाईंच्या कानांवरून गेलं. मीठ तेवढं अडकलं.

सोनीला ताप आल्यापासून सगुणानं अळणी धरलं होतं. पोर उठून चालेपर्यंत मीठ तोंडात घालणार नाही, असं ती देवीपुढं बोलली होती. आमच्याकडे बायका असं बोलतातच. माझेही सोमवार अळणी असतात.

व्हरांड्यात आल्यावर धोंडाबाई सुनेला म्हणाल्या, "पोरीचं मीठ तूच घालवलंस. तू सोडलंस, आन् तिच्या अंगातनं गेलं."

ओरडून नाही, हळूच म्हणाल्या. त्यानंच ते जास्त लागलं असावं. मग त्यांनी ठरवूनच टाकलं. दुपारच्या यष्टीनं गावी जायचं, देवीपुढं सगुणाचं अळणी सोडवायचं, म्हणजे पोरीचं मीठ आपसूक भरेल. सुई टोचून आणखी पाणी काढलं तर उरलंसुरलंही जाईल. सगुणाच्या नवऱ्याचाही निरोप होता, आई म्हणेल तसं करा.

सगुणा उठली आणि सोनीचं धडुतं-पांघरूण गोळा करायला लागली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. विचारायचीही लाज वाटत होती, पण विचारलं, आईच्या अळण्यानं लेकीचं मीठ उतरतं का. त्या हसल्या नाहीत. त्याही रात्रभर जागलेल्या दिसत होत्या.

"आईनं सोडलं तर आईचं उतरेल," त्या म्हणाल्या. "मुलीचं उतरलंय ते आजारानं आणि ओकून ओकून. पण त्या बाईला जेवायला घाला. उद्या परत पाणी काढायचंय, आणि पोरीनं हलता उपयोगी नाही. आईनं धरली की ती शांत राहते. काल आईचेच हात कापत होते."

मी सगुणाला सांगितलं. हातातलं पांघरूण तसंच राहिलं.

"माज्यामुळं न्हाई?"

"नाही गं."

 "पर मीठ कसं खाऊ, बाई? देवीला बोललीया मी. आता मोडलं आन् पोरीचं काय झालं, तर ते तर माज्यामुळंच व्हईल."

ह्यावर डॉक्टरीणबाईंकडे औषध नव्हतं. दमले म्हणून व्रत खाली ठेवता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मीही दमलेली आहेच. पण एकीला झेपेना तर दुसरीनं ते चालवायचं, ही रीतही आहे. मी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि देवीचं नाव घेऊन म्हटलं, सगुणाचं अळणी आजपासून माझं, सोनी उठेपर्यंत. आणि पाणी सोडलं.

धोंडाबाई टक लावून बघत होत्या. "असं चालतं व्हय?"

"चालतं. सासूबाईंना होईना तेव्हा त्यांचे गुरुवार मी केलेत."

त्यांनी सुनेच्या हातातलं पांघरूण घेऊन नातीवर घातलं. मग त्यांनी गाठोडं सोडलं, भाकरी न् ठेचा काढला आणि सुनेपुढं ठेवला.

"खा. उद्या पोर धरायचीया तुला."

सगुणा जेवली. चावतानासुद्धा थांबत थांबत, जसं ओझं उतरवून बसलेलं माणूस पाणी पितं तसं. शेवटचा घास हातात घेऊनच तिला झोप लागली.

सकाळी सोनीला कुशीवर वळवून तिचे गुडघे पोटाशी घेतले, तेव्हा सगुणानं तिला घट्ट धरलं. सुई बाहेर येईपर्यंत तिचे हात हलले नाहीत. धोंडाबाई तोवर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग पदर खोचून एकट्याच यष्टीला निघाल्या, घरून चूल-भांडी आणि जाड घोंगडं आणायला.