भिंगरीचे कान माझ्या पोटात

मी एक जुना लॉकर आहे, मित्रांनो. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा आणि स्वभावाने भलताच काळजीखोर. मला पाहिलं की लोक म्हणतात, "चला, एक तरी रिकामा सापडला!" मी मात्र त्यांच्याकडे पाहून मनात म्हणतो, आता ही मंडळी काय काय विसरणार आहेत कोण जाणे.

माझा जन्म पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. तिथे मला कापलं, वाकवलं, ठोकलं आणि रंगवलं. माझं दार बसवणाऱ्या कारागिराने ते उघडून-लावून पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, आवाजसुद्धा होत नाही." माझं एवढं कौतुक पुन्हा कोणी केल्याचं आठवत नाही. दारात हवेसाठी त्याने आडव्या फटी ठेवल्या. त्या फटींतूनच मी आजवर जग पाहत आणि ऐकत आलो आहे.

तिथून मी आलो तो थेट या सामानघरात. आमच्या एका अंगाला बसथांबा आहे आणि दुसऱ्या अंगाला एका मोठ्या मनोरंजन उद्यानाचं फाटक. आत उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि लाटांचा तलाव आहे. थोडं पुढे मत्स्यालय आहे, आणि टेकडीवर नेणारा रोपवेही आहे. परगावची माणसं सकाळी बसमधून उतरतात, बॅगा आमच्या पोटात कोंबतात आणि दिवसभर हुंदडतात. ओझं आमच्याकडे टाकून ती मोकळी होतात, आणि काळजी तेवढी माझ्या पदरात पडते. एकदा कोणाच्या तरी बॅगेतलं गजराचं घड्याळ दिवसभर थांबून थांबून वाजत होतं आणि मी दर वेळी दचकत होतो. एका नव्या नवरदेवाने तर पायातले बूटही आत ठेवले आणि अनवाणीच रोपवेपर्यंत गेला. बायकोने खाली बघून विचारलं तेव्हा त्याला कळलं म्हणे.

पुढे समोरच्या भिंतीला नवे लॉकर आले, बटणं दाबली की उघडणारे. माझी बिजागरी झिजली, दार खाली सरकलं. आता किल्ली फिरवताना दार जरा वर उचलावं लागतं. ज्यांना हे माहीत नसतं ते लाथ मारतात. गर्दी उसळली तरच माझा नंबर लागतो, एरवी माझ्यावर कोणी ओला टॉवेल वाळत टाकतं.

त्या सुट्टीच्या दिवशी अशीच गर्दी उसळली होती. नवे लॉकर भरले होते, म्हणून एक कुटुंब माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. आई, बाबा आणि त्यांची लहानगी मुलगी. ती एका जागी क्षणभर टिकत नव्हती, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आईने प्रत्येक वस्तू डबीत, डबी पिशवीत आणि पिशवी बॅगेत घातली होती.

"अगं, आपण एका दिवसासाठी आलोय की घर बदलतोय?" बाबा म्हणाले.

"हसा. काही लागलं की माझ्याकडेच मागाल," आई म्हणाली.

भिंगरीच्या दोन्ही कानांवर ऐकायची छोटी मशीनं होती. ती लावली की तिला छान ऐकू यायचं. बाबांनी सहज हाक मारली तरी ती एका हाकेत धावत यायची. मशीनशिवाय मात्र तिला काहीच ऐकू येत नसे. पाण्यात ती चालत नाहीत, म्हणून आईने ती काढली आणि एका गोल डबीत ठेवली. भिंगरीने डबी स्वतःच्या हाताने माझ्या आत, बॅगेच्या कडेला ठेवली. "झोपा आता," असं ती डबीला म्हणाली. काकूंनी, म्हणजे सामानघर सांभाळणाऱ्या बाईंनी, दार उचलून मला कुलूप घातलं. किल्ली रबराच्या पट्ट्याने बाबांच्या मनगटाला बांधली आणि तिघं निघून गेली.

माझ्या जिवाला घोर लागला. बॅगा सांभाळणं वेगळं, मित्रांनो. कोणाचे कान सांभाळायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

दुपार कलली तेव्हा उद्यानाचा भोंगा बोलू लागला. "निळ्या पोहण्याच्या कपड्यातली लहान मुलगी चुकली आहे. भिंगरी बाळा, कार्यालयात ये. आई-बाबा वाट बघत आहेत."

मुलं इथे रोज चुकतात आणि भोंग्यावर नाव ऐकून पोलिसकाकांकडे, नाहीतर कार्यालयाकडे रडत जातात. पण हिचे कान तर माझ्याकडे होते! भोंगा पुन्हा बोलला, मग आणखी मोठ्याने बोलला. अरे, कोणाला सांगताय? मी आतल्या आत ओरडत होतो, पण पत्र्याचं ओरडणं कोणाला ऐकू येणार?

इतक्यात बाबा धावत आले. अंगावरून पाणी गळत होतं आणि आवाज चिरकला होता.

"काकू, आमची मुलगी इकडे आली का?"

"नाही हो. काय झालं?"

"लाटांच्या तलावात होती. मला वाटलं तिच्या आईजवळ आहे, आईला वाटलं माझ्याजवळ आहे. प्रत्येक घसरगुंडीखाली उभं राहून हाका मारल्या. भोंग्यावरून पुकारलं. एका हाकेत येणारी मुलगी, आज येत कशी नाही? एवढा कसला हट्ट?"

"पुन्हा पुकारायला सांगा. गोंगाटात ऐकू आलं नसेल," काकू म्हणाल्या.

"सांगतो," म्हणून ते वळले. किल्ली त्यांच्या मनगटावर होती. दार एकदा उघडलं असतं, डबी दिसली असती, की त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण ते आले तसेच पळाले आणि मी हातपाय नसलेला, नुसता उभा राहिलो. इतकं हताश मला कधीच वाटलं नव्हतं.

बाहेर "भिंगरी! भिंगरी!" चालूच होतं. थोड्या वेळाने ते पुन्हा आले, आता आईही बरोबर होती. तिला लेकीसाठी कोरडे कपडे हवे होते, पोरगी सापडली की तिला थंडी वाजेल म्हणून. तिने माझ्या दारावर हात ठेवला आणि ती तशीच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "तिची मशीनं तर ह्याच्यात आहेत."

बाबांचा हात मनगटावरच्या किल्लीकडे गेला.

"आपण मघापासून कोणाला हाका मारतोय?"

रोज एका हाकेत येणारी मुलगी. तिला ऐकू येतं याची त्यांना इतकी सवय झाली होती, की ते मशीनमुळे येतं हेच डोक्यातून गेलं होतं. मग बाबांनी किल्ली घातली, खेचाखेच केली, लाथही मारली. मला तिचं काहीच वाटलं नाही. काकूंनी पुढे होऊन दार उचललं तेव्हा मी उघडलो. आईने डबी पदराखाली धरली, बॅगा जमिनीवर ओढल्या आणि बसमध्ये पांघरायची केशरी चादर बाहेर काढली.

"ऐकू येणार नाही, पण दिसेल तर खरं! तुम्ही घसरगुंडीच्या मनोऱ्यावर चढा आणि ही हलवत राहा. मी खाली शोधते."

दोघं धावली. मी उघडाच राहिलो. काकूंनी बॅगा आपल्या टेबलामागे सरकवल्या आणि त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांची पाठ होती तेवढ्यात बाजूच्या दाराने ती आली. भिंगरी! निळे कपडे, पाय मातीने भरलेले. फाटकावरचा माणूस मागून "ए बाळ, ए बाळ" करत होता, पण तिला ते कुठलं ऐकू यायला? ती थेट माझ्यापाशी आली. आत हात घातला. डबी नव्हती, बॅगा नव्हत्या. तिने कोपरे चाचपले आणि तिचा चेहरा असा झाला की काय सांगू! आई-बाबा आपल्याला टाकून, आपले कानही घेऊन घरी गेले, असंच तिला वाटलं असणार. ती माझ्या खालच्या कप्प्यात, पाय बाहेर सोडून बसली आणि रडू लागली. माझ्या पत्र्याला तिचे हुंदके कळत होते. मला थरथरण्यापलीकडे काही येत नव्हतं.

काकू वळल्या आणि जागच्या जागी थबकल्या. मग येऊन तिच्यासमोर खाली बसल्या, तिला चेहरा दिसेल अशा.

"मी कान न्यायला आले होते," भिंगरी म्हणाली. "आई-बाबा हरवलेत. कान असले की हाक मारलेली कळते."

काकूंनी एका हाताने तिला जवळ घेतलं आणि दुसऱ्या हाताने कार्यालयाला फोन लावला. "अहो, आता पुकारा! ज्यांना ऐकू येतं त्यांना पुकारा!"

भोंगा पुन्हा बोलला. "भिंगरीच्या आई-बाबांनी सामानघरात यावं. मुलगी सापडली आहे."

आई आधी पोचली. तिने डबी उघडली आणि मशीनं लेकीच्या कानांवर बसवली. घाईत एक मशीन दोनदा निसटलं. मग बाबा आले, गळ्यात केशरी चादर, तिचं एक टोक जमिनीवर लोळत. त्यांनी गुडघे टेकले, तोंड उघडलं आणि ओठ हलवले.

भिंगरीने आईकडे पाहिलं. "आई, मशीन बिघडलं. बाबांचं काहीच ऐकू येत नाहीये."

"मशीन चांगलं आहे गं," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "बाबांचा आवाज बसलाय. तुला हाका मारून मारून."

"पण माझ्या कानांवर मशीन नव्हतं ना," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं."

बाबांनी मान हलवली. माहीत होतं. त्यांनी तिचे मातीने भरलेले पाय चादरीने पुसले, खूप वेळ पुसत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी चष्म्याने बघत असेल, कोणी काठीच्या आधाराने चालत असेल, कोणाला मागून मारलेली हाक पोचत नसेल. रोजच्या सवयीने ते विसरायला होतं. एवढं करा, हाक वाया जाण्याआधी जरा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा. सामानाचं म्हणाल तर ते माझ्याकडे खुशाल ठेवा, मी त्याची काळजी करतोच. माणसांची काळजी मात्र मला करता येत नाही. ती तुम्हालाच करायची आहे.