काठाला हात लावायचा नाही

ओढा दरवर्षी थोडा थोडा काठ खायचा, पण त्या वर्षी त्याला भस्म्याच झाला. लिंबाच्या बागेतली कडेची झाडं उघड्या मुळांनिशी ओढ्यात डोकावू लागली, तेव्हा सूनबाईनं ठरवलं, आता हातावर हात धरून बसायचं नाही. नवरा ट्रकवर, चार दिवस घरी, की महिनाभर रस्त्यावर. बाग तीच बघायची. सोबतीला सासरे. वय झालेलं, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून तीही आबाच म्हणायची.

ओढ्याकाठची जमीन वाचवायला सरकारी योजना आहे, हे तिला रोपवाटिकेवाल्या बाईकडून कळलं. काठावर झाडं लावायची, खुंट ठोकायचे. खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलणार. "अर्ज कुठे करायचा?" सूनबाईनं विचारलं. "कचेरीत," ती बाई म्हणाली, जणू जिल्ह्यात एकच कचेरी होती.

कृषी कचेरीतला कारकून म्हणाला, "ओढा म्हणजे पाणी. पाणी पाटबंधारेवाल्यांकडे." पाटबंधारेवाले म्हणाले, "आम्ही कालव्याचं बघतो. झाडं लावायचीत ना? मग वनखातं." वनखात्याच्या दाराला कुलूप. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, साहेब फक्त मंगळवारी येतात. मंगळवारी साहेब आले, खुर्ची दिली, गोड बोलले आणि म्हणाले, "जमीन खासगी आहे ना? मग मृदसंधारण विभाग. कृषी कचेरीच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर."

म्हणजे पहिल्याच दिवशी ती ज्या जिन्याच्या पायथ्याशी रांगेत उभी होती, तोच जिना! सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जिना चढली.

वर एक इंजिनिअर बाई होती. टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात चिखलाचे बूट. तिनं सगळं ऐकून घेतलं, अर्ज घेतला आणि बजावलं, "आमची पाहणी होईपर्यंत काठाला हात लावू नका हं. आधीच सुरू केलेल्या कामाला योजना लागू होत नाही."

"पाहणी कधी?"

"गाडी मिळाली की लगेच."

घरी आली तर आबा हातगाड्यातून दगड ओढत ओढ्याकडे निघालेले.

"आबा, ठेवा ते. काम सुरू केलं तर अर्ज बाद होईल."

"आणि नाही केलं तर बाग बाद होईल! ओढ्याला वाचता येतं का तुझा अर्ज?"

"थोडे दिवस कळ काढा."

"कळ काढायला ते काय दाढदुखणं आहे?"

शेवटी तिनं हातगाडा आणि पहार शेडमध्ये घालून कुलूप लावलं. त्यानंतर आबांनी तिच्याशी अबोला धरला. जेवताना मीठ हवं असलं तर कुत्र्याला सांगायचे, "बाईंना म्हणावं, मीठ द्या."

गाडी काही मिळेना. आधी ती गॅरेजात होती, मग दुसऱ्या कुठल्या मोजणीला गेली, मग इंजिनिअर बाईच प्रशिक्षणाला गेली. सूनबाई फोन करकरून थकली. रोज सकाळी काठावर जाऊन बघायची. रोज कुठे ना कुठे ताजी भेग. शेडची किल्ली कमरेलाच असायची. एक-दोनदा तिनं ती कुलपाला लावलीही, पण पुन्हा काढून घेतली.

मग वर डोंगरात पाऊस कोसळला आणि भर दुपारी ओढा फुगून आला. कडेची अख्खी ओळ एकेक करून आडवी झाली. पाठोपाठ पाण्याच्या मोटारीची खोली कलंडली आणि मोटार-पत्र्यासकट वाहून गेली. आबा तिच्या शेजारी उभे होते. एरवी ज्या जिभेचा तिला वैताग यायचा, ती तेव्हा चालली असती तर बरं, असं तिला वाटलं.

पाणी ओसरल्यावर इंजिनिअर बाई आली, स्वतःच्या स्कूटरवर. गाडी तेव्हाही मिळाली नव्हतीच. तिनं टेप लावून काठ मोजला, मग तिथेच उकिडवी बसली.

"आता हे आमच्या योजनेत बसत नाही. उतार राहिला नाही, सरळ कडा झालाय. हे आपत्ती विभागाकडे जाईल."

"आणि तुम्ही आधी आला असता तर?"

बाईनं टेप गुंडाळला. "तर बसलं असतं."

सूनबाईचा बांध फुटला. "आम्ही हात लावायचा नाही, तुम्ही यायचं नाही, ओढ्याला मात्र कुणाचीच मंजुरी लागत नाही! अहो, माझ्या हातानं मी या म्हाताऱ्या माणसाची पहार कुलपात ठेवली!"

"आपत्ती विभागाचा अर्ज मी भरून देते," इंजिनिअर बाई म्हणाली. "पण खोटी आशा लावत नाही. पुढच्या पावसाच्या आत काही व्हायचं नाही."

"आम्ही उद्याच काम सुरू केलं तर?"

"तर तोही अर्ज बाद."

"मग भरूच नका," सूनबाई म्हणाली.

बाई तशीच परत गेली नाही. कडा तासून उतार कसा करायचा, काठावर उगवणाऱ्या वाळुंजाच्या ओल्या फांद्यांचे खुंट किती खोल ठोकायचे, हे तिनं जागेवर दाखवलं. उतारासाठी आणखी एक ओळ तोडावी लागणार होती, चांगली लिंबांनी लगडलेली. शिवाय वळणावरचे जुने दगड काढायला हवेत, म्हणाली. तेच पाणी बागेवर फेकताहेत. ते दगड आबांनीच टाकलेले.

"उद्या म्हणाल, ओढाही मीच आणला!" आबा फणकारले.

पण झाडं तोडताना पहिली कुऱ्हाड त्यांनीच घातली. ती ओळ सासूबाईंनी लावलेली होती; सूनबाईच्यानं हात उचलवेना. दगडही त्यांनी हलवले, प्रत्येक दगडामागे सरकारला एक शिवी देत. मोटार नव्हती, म्हणून तो अख्खा उन्हाळा दोघांनी बादल्यांनी पाणी घातलं.

पुढच्या पावसात पाणी नव्या उतारावर चढलं आणि उतरलं. निम्म्या खुंटांना पालवी फुटली होती, बाकीचे वाळले. वळणाजवळ ओढ्यानं पुन्हा एक लचका तोडलाच.

"तिथं अजून खुंट लागतील," आबा म्हणाले. थेट तिलाच म्हणाले.

"लागतील," ती म्हणाली आणि कोयता घेऊन फांद्या तोडायला निघाली. बाग दोन ओळींनी कमी झाली होती. तिचा राग मात्र तसूभरही कमी झाला नव्हता.