सात मिनिटं वीस सेकंद

हॉस्पिटलात आतडं तपासायच्या दुर्बिणीच्या खोलीतल्या थोरल्या सिस्टरला खोटं लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. ती आपली आपणच शिकली, आणि इतकं सफाईदार शिकली की तपासणीला आलेले साहेब लोक तिच्या रजिस्टरचं कौतुक करून गेले.

त्याचं असं झालं. मोठ्या आतड्यात नळी पार टोकापर्यंत नेणं ही निम्मीच कामगिरी. खरं बघायचं असतं ते नळी हळूहळू मागे घेताना, आतड्याची एकेक घडी उलगडून, तिच्यामागे काही दडलंय का ते. घाईने ओढली की दडलेलं दडलेलंच राहतं. म्हणून नियम आला: मागे घ्यायला निदान सहा मिनिटं लागलीच पाहिजेत, आणि ती वेळ सिस्टरने घड्याळ बघून लिहायची. नियम चांगला होता हो, पण मोठे डॉक्टर कसले ऐकतात! त्यांना खोलीतली मंडळी मागून ‘झटपट’ म्हणायची. साडेतीन मिनिटांत नळी बाहेर, हातमोजे डब्यात, आणि जाता जाता फर्मान: “सिस्टर, सहाच्या वर काहीतरी लिहून टाका. आमचे डोळे काय घड्याळ लावून बघतात?”

पहिल्यांदा लिहिताना तिने दोनदा दाराकडे बघितलं. पंधराव्यांदा बघितलं नाही. पुढे तिच्या लक्षात आलं की सगळ्यांना सहा-सहा लिहिलं तर कुणीतरी विचारेल. मग एकाला साडेसहा, एकाला सहा-दहा, एखाद्या अगडबंब पेशंटला चांगली आठ. एवढी अक्कल चांगल्या कामाला लावली असती तर!

तिचा धाकटा भाऊ म्हणजे एक नंबरचा भित्रा. सुई दिसली की याचे डोळे पांढरे. आई लवकर गेली, त्याला हिनेच वाढवलं. पुढे त्याची बायको गेली, तेव्हा त्याच्या मुलीचंही हिनेच केलं. भावाने पन्नाशी ओलांडली तशी ती हात धुऊन त्याच्या मागे लागली, एकदा आतडं तपासून घे म्हणून.

“तू आत असशील तर येतो,” तो म्हणाला. “नाहीतर ती नळी तुमच्या डॉक्टरांनाच लखलाभ होवो.”

ती आत होती. त्याच्या उशाशी, त्याचा हात धरून. त्या दिवशीच्या यादीत तो अकरावा होता आणि मोठ्या डॉक्टरांना कुठेतरी भाषणाला जायचं होतं. नळी मागे यायला लागली तशी तिची नजर सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तीन मिनिटं पन्नास सेकंद. ‘सर, उजवी बाजू परत एकदा बघता का?’ एवढंच वाक्य. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण इतकी वर्षं परक्यांसाठी तोंड उघडलं नाही, आज भावासाठी कुठल्या तोंडाने उघडायचं? तिने ते गिळलं. मग रजिस्टर ओढलं आणि, काय सांगावं, घरचा माणूस म्हणून त्याला वेळ जरा जास्तच दिला. सात मिनिटं वीस सेकंद. वर त्याला म्हणाली, “एकदम स्वच्छ आहे रे. आता दहा वर्षं बघायला नको.”

अडीच वर्षं गेली. मोठे डॉक्टर हारतुरे घेऊन निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरीणबाई एकेका घडीशी थांबायच्या, पाणी मारून धुऊन बघायच्या. आतडं फुगवायला साध्या हवेऐवजी दुसरा वायू सोडायच्या, त्यामुळे पेशंटचं पोट नंतर फुगत नसे. आणि नवं मशीन आलं. शंकेची जागा दिसली की ते पडद्यावर हिरवी चौकट काढायचं, आणि वेळ आपली आपण मोजून कागदावर छापायचं. सिस्टरचं पेन खिशातच राहू लागलं. तिला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला.

मग भावाच्या अंगातलं रक्त कमी व्हायला लागलं. जिना चढताना धाप. परत तीच खोली, परत उशाशी ती. उजवीकडचं आतडं जिथे आडवं वळतं, त्या वळणाच्या मागे हिरवी चौकट उमटली आणि हलेचना. चौकट कशाला हवी होती? आंधळ्यालाही दिसला असता असा गोळा होता.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं: भाऊ, त्याची कॉलेजातली मुलगी, आणि सिस्टर. टेबलावर जुना कागद होता.

“गाठ कॅन्सरचीच आहे. पण मी सर्जनशी बोलले,” बाई म्हणाल्या. “अडीच वर्षांपूर्वी सात मिनिटं वीस सेकंद बघूनही काही नव्हतं. आणि आता एवढं. म्हणजे फार वेगाने वाढणारा, बहुधा पिढीजात, रक्तातूनच आलेला प्रकार. त्यामुळे नुसता उजवा भाग न काढता जवळजवळ सगळंच मोठं आतडं काढावं असं सर्जनचं मत पडतंय. त्याची खात्री करणाऱ्या तपासण्यांना वेळ लागेल, तेवढं थांबायला नको. आणि हिचीही दुर्बीण आत्तापासून, दर वर्षी.”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊ मात्र बहिणीकडे बघून हसला, तिला धीर द्यायला. “ताई, तू नको जिवाला लावून घेऊ. तू होतीस आत. सात मिनिटं डोळ्यांत तेल घालून बघितलंत. आता नशिबातच होतं, त्याला तू काय करणार?”

त्याने शिव्या घातल्या असत्या तर कदाचित ती गप्प बसली असती. त्या हसण्याने तिच्या काळजाचं पाणी झालं. गप्प राहिलं तर कुणालाच कधी कळणार नव्हतं, मोठे डॉक्टर काही सांगायला येणार नव्हते. फक्त भावाचं आतडं जाणार होतं, आणि ही पोर जन्मभर स्वतःच्या पोटाला भीत राहणार होती.

“सात नव्हती,” ती म्हणाली.

“काय?”

“पावणेचार. वर पाच सेकंद. ते मी लिहिलंय. सगळ्यांचंच मी लिहायचे. ती गाठ तेव्हाही असणार बाई, घडीमागे. आम्ही बघितलंच नाही.”

बाईंनी जुना कागद उचलला, बघितला आणि उलटा ठेवला. म्हणाल्या, “मी सर्जनना फोन करते,” आणि उठून बाहेर गेल्या.

भाऊ स्वतःच्या हाताकडे बघत होता, त्या दिवशी तिने धरलेल्या. त्याने विचारलं, “मग मला सात का लिहिलीस?”

तिच्याकडे उत्तर होतं. पण ते उत्तर माणसाला देण्यासारखं नव्हतं.

सर्जनने बेत बदलला. उजवा भागच काढायचा, आणि मुलीचं काय ते तपासण्यांचे निकाल आल्यावर. मात्र कुठून कापायचं ते कळावं म्हणून दुर्बिणीतून गाठीशेजारी शाईची खूण करायची होती. त्या सकाळी सिस्टर नेहमीसारखी त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली. सुई टोचायला आलेली दुसरी सिस्टर थबकली, कारण याचे डोळे पांढरे होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो घामाने भिजला होता.

“ताई,” तो म्हणाला, “तू बाहेर थांब.”

ती बाहेर आली. तेवीस वर्षांत त्या बाकावर ती पहिल्यांदा बसली. शेजारी भाची होती, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. दार उघडलं, तपासणीचा कागद बाहेर आला. तो मिळाल्याची नातेवाइकाची सही हवी होती. सवयीने सिस्टरचा हात पुढे झाला, तोवर मुलीने कागद घेतला होता. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अकरा मिनिटं सहा सेकंद.

“आत्या, हे तरी खरं आहे ना?”

“हो गं,” ती म्हणाली. “ते मशीन लिहितं.”