नकाशावर साडेसहा इंच

मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची टेप बोलतेय. पिवळी, वापरून मऊ पडलेली. माझा पहिला इंच पार पुसला गेलाय, म्हणून बाई दुसऱ्यापासून मोजायच्या आणि शेवटी एक वजा करायच्या. "म्हातारी झालीय, पण खोटं बोलत नाही," असं गिऱ्हाइकांना सांगायच्या.

बाईंची लेक लग्न होऊन फार लांब गेली. नात झाली तेव्हा बाईंनी मला लेकीच्या पिशवीत टाकलं. लेक फोनवर नातीची मापं सांगायची, बाई तिकडे फ्रॉक शिवायच्या. नात काही सरळ उभी राहायची नाही. मलाच तोंडात घालायची.

पुढे बाईंना हृदयाचं दुखणं लागलं. फोन वाजला की लेकीच्या काळजात धस्स व्हायचं. एके दिवशी तिने मला भिंतीवरच्या नकाशावर ताणलं. इथला लहानसा विमानतळ ते माहेरचा लहानसा विमानतळ, साडेसहा इंच. मग मोबाइलमध्ये पाहिलं. अंतर अकराशे किलोमीटर, विमानाने एक तास पन्नास मिनिटं. तिचा जीव भांड्यात पडला.

"आई, जरा काही वाटलं तर नुसता फोन कर. दोन तासांत तुझ्यापुढे उभी!"

"दोन तासांत तर हल्ली माझं एक काज होत नाही गं," बाई हसल्या. "ये हो. तेवढी थांबेन मी."

एका सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, नीघ. आई तुला बोलावतेय." लेकीने नातीला काखोटीला मारलं, मी होते ती पिशवी उचलली आणि विमानतळ गाठला.

"तिकडे इथून थेट विमान नाही हो, ताई," तिकीट खिडकीतली मुलगी म्हणाली. "कधीच नव्हतं. मोबाइलमधलं ते सरळ रेषेचं अंतर, वेळही त्यावरूनच काढलेला. दोन विमानं बदलावी लागतील. पोचायला संध्याकाळ."

"अहो, पण मी आईला दोन तास सांगितलेत!"

मुलगी खाली बघून तिकीट काढू लागली.

लेक पोचली तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. भाऊ दारातच बसला होता.

"दुपारपर्यंत विचारत होती गं. दोन तास झाले का रे, दोन तास झाले का. मी दर वेळी म्हणालो, नाही अजून."

मशीनवर नातीचा फ्रॉक होता. चार बटणं, तीन काजं.

आता मी परत लेकीकडे आहे, खुंटीवर. मी खोटं बोलले नव्हते. साडेसहा इंच साडेसहाच होते. पण तुमचं कुणी लांब असेल, तर त्या सरळ रेषेवरून खरंच कुणी जातं का, एवढं आधी विचारून ठेवा. आणि जमलं तर बोलावणं यायच्या आधीच निघा.

चौथं काज लेकीने अजून केलेलं नाही. नात फ्रॉक तसाच घालते, वरचं बटण उघडं ठेवून.