तानाच्या फोटोचा दावा

“थांबा, थांबा! कशाचं पंचवीस रुपयं?”

झुंबरबाईंचा आवाज कसबा बावड्यात मळ्यातल्या म्हशीला बांधावरनं हाक मारणारा. तो कोर्टात घुमला तसा दावा वाचून दाखवणारा कारकून मधेच थबकला. खुर्चीतल्या जज्जसाहेबांनी चष्मा काढला.

“फोटोची किंमत आहे ती,” झुंबरबाईंचे वकील अंबादासपंत दबक्या आवाजात म्हणाले. “बसा बघू तुम्ही.”

“मला न इचारता किंमत लिवली व्हय? कुणी सांगितलंतं तुमाला?”

फोटो झुंबरबाईंच्या लेकीचा, तानाचा. जत्रेत एका फिरत्या फोटोवाल्यानं काढलेला, तळहाताएवढा. त्याच वर्षी ताना तापानं गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता. दुधाच्या पैशातून शिल्लक टाकून झुंबरबाईंनी तो मोठा करायला गणपतरावांच्या स्टुडिओत दिला, आणि स्टुडिओची जागा बदलताना गणपतरावांच्या हातून तो हरवला. ‘उद्या या, परवा या’ करत त्यांनी बरेच महिने ढकलले आणि मग एकदाचं खरं सांगितलं.

तेव्हापासून हे कोर्ट मागं लागलं होतं. लहान दाव्याचं काम झटपट होतं, साक्षी थोडक्यात घेतात, एकदा निकाल लागला की वर अपील नाही, असं पंतांनीच सांगितलं होतं. या झटपट कामात वर्ष गेलं. कधी समन्स बजावलं गेलं नाही, कधी साहेब रजेवर. मधेच संस्थान विलीन झालं आणि कागद एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात फिरले. दर तारखेला झुंबरबाई गंगावेशीत दूध घालून यायच्या, व्हरांड्यात बसायच्या आणि पुढची तारीख घेऊन परत जायच्या.

“बाई,” जज्जसाहेब म्हणाले, “हरवलेली वस्तू कोर्ट कुठून आणणार? तिची किंमत तेवढी देववता येते. आणि किंमत लिहिल्याशिवाय दावाच चालत नाही.”

“मग फोटू हुडकून द्या म्हणून लिवा की!”

“सापडत नाही म्हणूनच तर तुम्ही इथं आलात ना?” साहेबही आता वैतागले होते, पण त्यांनी लेखणी हातात घेतली. “पंचवीस कमी वाटतात का? सांगा, किती लिहू?”

झुंबरबाईंनी तोंड उघडलं. म्हशीची, कडब्याची, पेंडीची, कशाचीही किंमत त्या उभ्या उभ्या करायच्या. सौद्यात त्यांना कुणी फसवल्याचं बावड्यात ऐकिवात नव्हतं.

“काय बी लिवू नगा,” शेवटी त्या म्हणाल्या.

“मग दावा काढून टाकावा लागेल.”

पंतांनी कपाळाला हात लावला. झुंबरबाई मुकाट्यानं खाली बसल्या. पंचवीस तसेच राहिले. गणपतरावांनी चूक कबूल केली, निकाल झाला, आणि शिपायानं पुढच्या दाव्याचा पुकारा केला.

बाहेर व्हरांड्यात गणपतरावांनी त्यांना गाठलं. “मावशी, पैसे आत्ताच देतो.”

“ते वकिलाकडं द्या.” झुंबरबाईंनी पैशाकडं पाहिलंसुद्धा नाही. “मला एक सांगा. फोटू शेवटचा तुमच्या हातात हुता. कशी दिसत हुती ती?”

“मावशी, रोज इतके फोटो हाताखालनं जातात...”

“आठवा की वो! वरीस झालं हेलपाटं घालतोय मी. एवढं तरी सांगा.”

गणपतराव खांबाला टेकले. मग आठवत आठवत म्हणाले, “डोळे बारीक केलेवते. उन्हामुळं. मोठा करताना मी ते नीट उघडे रंगवणार होतो.”

“कशाला उगडं?” झुंबरबाई खेकसल्या. “तशीच बघायची ती.”

“आणि कानापाशी केस सुटलेले. ते झाकायचे, असं ठरवलंवतं.”

झुंबरबाई हळूच पायरीवर बसल्या. गणपतरावांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि तेही खालच्या पायरीवर टेकले.

“आणिक?” त्या म्हणाल्या.