उंबराचं पाणी

मित्रांनो, मी उत्तनमधल्या सेबॅस्टियनच्या अंगणातली जुनी विहीर. तुम्हाला नळ सोडला की पाणी मिळतं, त्यामुळे विहिरीलाही मन असतं हे तुम्हाला पटायचं नाही. पण आज माझ्या पोटात जे आहे ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

सेबॅस्टियनच्या पणजोबांनी काळे दगड रचून मला बांधलं. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी माझं पाणी गोड. या घरातलं कुणाचंही लग्न असो, आदल्या दिवशी बायका वाजतगाजत माझ्याकडे यायच्या, गाणी म्हणत कळशी भरायच्या आणि त्या पाण्याने नवरीला किंवा नवरदेवाला न्हाऊ घालायच्या. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. सेबॅस्टियनची बायको लूर्डस या घरात आली, तेव्हा सेबॅस्टियनलाही माझ्याच पाण्याने न्हाऊ घातलं होतं. त्या दिवशी मला केवढा मान होता!

मग वरच्या अंगाला होड्यांसाठी डिझेलचा डेपो झाला. त्याची जमिनीखालची टाकी कधी गळायला लागली, कुणालाच कळलं नाही. मला मात्र कळलं. माझे झरे कडवट झाले, पाण्यावर रंगीत तवंग आला. सेबॅस्टियनच्या होडीचं डिझेलही त्याच डेपोतलं, म्हणून भांडायला कुणी गेलं नाही. माझ्या कठड्यावर फलक तेवढा लागला: पाणी वापरू नये.

पुढे संपदा आली. भूजल तपासणाऱ्या पथकातली ही मुलगी. तिच्या माणसांनी गळकी टाकी काढली, माझ्याजवळ एक यंत्र बसवलं. ते वर तरंगणारं डिझेल ओढून पिंपात भरायचं आणि आजूबाजूच्या मातीत मुरलेलं डिझेल विरून जावं म्हणून जमिनीत हवा सोडायचं. संपदा अधूनमधून येऊन बाटलीत माझं पाणी घ्यायची. तिने घरच्यांना समजावलं होतं की लागोपाठ तीन नमुने स्वच्छ आले, तर फलक निघेल आणि यंत्र दुसऱ्या गावी जाईल. मला वाटलं, चला, आपलं ऐकणारं कुणीतरी भेटलं. दोन नमुने खरोखरच स्वच्छ आले.

तिसऱ्याच्या आधी माझ्या झऱ्यांतून पुन्हा वास यायला लागला. इकडे सेबॅस्टियनची मुलगी स्टेफनी हिचं लग्न ठरलेलं. लूर्डस म्हणत होती की शेजारच्या वाडीतून पाणी आणू, देव काही रागावणार नाही. सेबॅस्टियनला ते पटेना. चार माणसांत आपली विहीर बाद ठरली, हे त्याला सोसवत नव्हतं.

संपदा येणार त्याच्या आदल्या दुपारी त्याने मोटर लावून मला उपसलं आणि टँकरचा पाइप माझ्या तोंडात घातला. लग्नघरात टँकर येतोच, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. पाणी पडत असताना तो कठड्यावर हात ठेवून म्हणाला, "बाय, एक डाव गप ऱ्हा. पोरीचं लगीन हाय."

मी गप्प राहिले. दुसरं काय करणार होते? डिझेल सोडणारे परके होते, त्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही. पण ज्याला पाळण्यात असल्यापासून मी पाणी पाजलं, त्यानेच केसाने माझा गळा कापला.

नमुना स्वच्छ आला. फलक निघाला, यंत्र गेलं. जाताना संपदा माझ्यात डोकावून हसली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न जवळ आलं तसा पुन्हा टँकर आला. मग बँड वाजला, बायकांनी गाणी म्हटली, कळशी भरली, स्टेफनी न्हाली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. त्यातला एक थेंबही माझा नव्हता.

लग्नानंतर सेबॅस्टियन माझ्याकडे फिरकेना. अंगणातून जाताना मान वळवून जायचा. माझ्या पाण्यावर पुन्हा जाड तवंग आला.

एका रविवारी स्टेफनी माहेरी आली. सासरच्या कुंडीत लावलेली मोगऱ्याची फांदी माझ्या पाण्यावर रुजवायची, म्हणून बाटली भरून न्यायला आली होती. कळशी वर येताच तिने नाक मुरडलं. तिने त्या रंगीत पाण्यात बोट बुडवून वास घेतला. मग तिने बापाला हाक मारली.

"पपा, माझ्या लग्नाचं पानी हिचंच होतं ना?"

सेबॅस्टियनने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं.

"न्हाय," तो म्हणाला. "टँकरचं."

स्टेफनीने डोळे पुसले आणि तिथूनच संपदाला फोन लावला. यंत्र आता दुसऱ्या गावात गुंतलंय. तिथलं काम आटोपल्यावरच ते इकडे येईल, आणि तोवर माझ्या पोटातलं डिझेल शेजारच्या विहिरींकडे सरकत राहणार. सेबॅस्टियनने जुना फलक शोधून पुन्हा माझ्या कठड्याला बांधला. गाठ मारल्यावर फलकावरची धूळ त्याने हाताने पुसली. मला त्याची दया आली, पण राग काही गेला नाही.

मित्रांनो, मला पुन्हा गोड करता आलं तर करा. नाहीच जमलं, तर कठड्याला फलक राहू द्या आणि माझ्यापासून लांब राहा, मी वाईट वाटून घेणार नाही. पण माझ्या तोंडात दुसऱ्याचं पाणी ओतून मला गोड म्हणू नका.