जिन्याखाली काढलेले सहा दिवस

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, ‘जुना’ म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जी दया उमटली, ती तुमच्याजवळच ठेवा. दया दाखवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली; त्यांतल्या एकालाही माझं झाकण उघडता येत नव्हतं.

माझी उमेदीची वर्षं नकाशांच्या कचेरीत गेली. नद्या, पूल, रस्ते मी रेखायचे आणि सही साहेबांनी ठोकायची. नवी यंत्रं आली तशी माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर झाली. तिथून मला उचललं ते या घरातल्या थोरलीनं. टेलिफोन केंद्रात तारा जोडण्यात तिची सगळी नोकरी गेलेली. घरात ती, तिचा धाकटा भाऊ आणि भावजय, अशी तीनच माणसं.

थोरलीनं माझ्या पोटात आणखी एक नेटवर्क कार्ड बसवलं आणि मला दोन तोंडं झाली. एक बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या तारेकडे, दुसरं घराकडे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचं, “तुला घरातल्या कुणी बोलावलंय का?” नसेल, तर चालता हो. असे हजारो उपटसुंभ मी रोज दारातूनच हाकलले. घरात कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

धाकटा फर्निचरच्या दुकानात विक्री सांभाळायचा. स्वतःला तो फार आधुनिक समजे.

“ताई, हे डबडं कधी काढणार तू?”

“ते आहे म्हणून तुझं बरं चाललंय,” थोरली म्हणे.

माझ्या घरघरीचा त्याला त्रास व्हायचा. घरघर का व्हायची? कारण हाच पठ्ठ्या माझ्या डोक्यावर रद्दी रचायचा. पंखा गुदमरे, मी तापे. दोनदा बंद पडलो, आणि त्यातलं एकदा ऐन त्याच्या ऑनलाइन बैठकीत. तेवढं मात्र मी कबूल करतो.

मग थोरली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेली. दुसऱ्याच दिवशी धाकट्यानं माझ्या जागी लावायला एक पांढरी, गुळगुळीत डबी आणली. तिच्यावर चार निळे दिवे. दिवे लुकलुकले की काम होतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत!

“अहो, ताईंना विचारलंत का?” त्याची बायको म्हणाली.

“अगं, विचारायचंय काय त्यात? हिचं सगळं आपोआप होतं.”

त्यानं मला जिन्याखाली चपलांच्या शेजारी नेऊन ठेवलं. डबीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत. वर दुकानातूनही घरातल्या फायली दिसाव्यात म्हणून तिचं इंटरनेटकडचं दार सताड उघडं ठेवलं. माझ्या शेजारच्या फाटक्या बुटालाही त्याच्यापेक्षा अधिक समज असावी.

भावजय शब्दकोश करत होती. सुतार, लोहार, विणकर यांच्या हत्यारांची आणि कामांची नावं ती नऊ वर्षं दारोदार फिरून गोळा करत होती. सगळं घरच्या सामायिक डिस्कवर होतं. पाचव्या दिवशी सकाळी तिनं फायली उघडायला घेतल्या, तर डिस्क रिकामी. कुणीतरी बाहेरून आत शिरून सगळं पुसून गेलं होतं.

ती रडली नाही. खुर्चीत बसून राहिली. चहा निवला, तरी बसलेली. धाकटा तिच्याभोवती घुटमळत होता. “असं कसं झालं? दिवे तर चालू आहेत!”

दिवे तर चालू आहेत! मित्रांनो, या वाक्याइतकं पोकळ वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली काठी टेकत घरी आली. तिनं डबी पाहिली, भावजयीचा चेहरा पाहिला आणि भावाला एवढंच विचारलं, “दार कुणी उघडं ठेवलं?”



थोरलीनं मला बाहेर काढवून घेतलं, पंख्यातला कचरा स्वतः ब्रशनं साफ केला आणि माझ्या जागी परत बसवलं. पण गेलेले शब्द मी कुठून आणणार? माझ्याकडे ते कधीच नव्हते. ‘न’पर्यंतची पानं तपासणीसाठी कागदावर छापलेली होती, तेवढी वाचली. ‘प’पासून पुढचं सगळं गेलं.

तेव्हा धाकटा म्हणाला, “सुताराकडं मी जातो.”

“तुम्हाला काय विचारायचं ते तरी कळेल का?” बायकोनं विचारलं.

नाहीच कळलं. पंधरा वर्षं खुर्च्या विकणाऱ्या या गृहस्थाला खुर्चीच्या एकाही सांध्याचं नाव ठाऊक नव्हतं. सुतार पोट धरून हसला म्हणे. गृहस्थ अकरा शब्द लिहून घरी आले. त्यांतले दोन चुकीचे. बायकोनं ते खोडले. त्यानं वही मिटली आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेला. हे आता वर्षभर चाललंय. तो ‘भ’पर्यंत पोहोचलाय.

मी त्याला माफ केलेलं नाही. परवा त्यानं माझ्याकडे बघत थोरलीला विचारलं, “ताई, हा नक्की काय करतो गं?” तिनं स्टूल ओढून त्याला शेजारी बसवलं आणि तासभर समजावलं. निम्मं त्याच्या डोक्यावरून गेलं, हे मला दिसत होतं. पण तो उठला नाही.

मित्रांनो, विनवण्या करणं माझ्या स्वभावात नाही. तरी एक करतो. घरातलं एखादं जुनं यंत्र काढावंसं वाटलं, तर खुशाल काढा. फक्त ते ज्यानं बसवलंय, त्याला आधी विचारा की हे काय करतं. आणि तो सांगत असताना उठून जाऊ नका.